उजव्या हातावरचा प्रसाद

कारखान्यात प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली आणि मी देवळात जाणं सोडलं. घरच्यांना वाटे, देवावर रुसलाय. तसं असतं तर बरं झालं असतं. रुसणाऱ्याला निदान स्वतःचा मान असतो. मला लाज वाटायची. हात जोडले की एक तळवा बोडका दिसायचा. तीर्थाला मी डावा हात पुढे केला की पुजारी क्षणभर थांबत, आणि त्या थांबण्याची मला धास्ती बसली होती. देव आहे की नाही, हा प्रश्नच मी मनात येऊ देत नव्हतो. असलाच, तर त्याने माझ्याकडे पाहू नये एवढंच वाटे.

पिंपरीतल्या आम्हा कामगारांचं एक सायकल मंडळ होतं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची. सात-आठ जण कधी लोणावळ्याकडे, कधी पवनेच्या काठाने डोंगरात जायचे. चिखलीचे मारुतीभाऊ सगळ्यांत वडील. एकदा ते घरीच आले. "सायकल पायानं चालवायची आसती, राव. किती दिस घरात बसणार?" म्हणाले. मग मीही जाऊ लागलो. सदऱ्याची लांब बाही पंजावर ओढून घ्यायचो. हाताचा विषय कुणी काढला नाही, पण ते मुद्दाम काढत नाहीत हे मला कळायचं आणि त्याचीही लाज वाटायची.

दिवाळीच्या जोडून आलेल्या सुट्टीत भीमाशंकरला जायचं ठरलं. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्या उभ्या होत्या, तेव्हा आम्ही तिथून पुढे निघालो. खेड मागे पडलं, वाडा गावानंतर रस्ता डोंगरात शिरला. दोन्ही बाजूंना वाळत चाललेलं सोनेरी गवत, खाली भीमेचं पाणी, वळणावळणाला थंड वारा. चढावर कुणी दमला की दुसरा पाठीवर हात ठेवून रेटायचा, थट्टा करायचा. त्या चढावर मी कितीतरी दिवसांनी मोकळा हसलो.

मुक्कामाला धर्मशाळेत राहिलो. सकाळी सगळे दर्शनाला निघाले तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही या, मी सायकली बघतो." मारुतीभाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग इतरांमागे गेले. घंटा ऐकू येत होती. एवढा डोंगर चढून आलो आणि देवळाकडे खाली जाणाऱ्या शेवटच्या पायऱ्या उतरवेनात. सायकलींपाशी मी मान खाली घालून बसून राहिलो.

परतताना उतार लागला. उजव्या हाताचा ब्रेक मला दाबता येत नसे. डाव्याच्या जोरावर मी चालवायचो. एका लांब उतारावर डाव्या ब्रेकचं रबर उडालं. सायकल सुसाट सुटली. उजव्या तळव्याने ब्रेक दाबू पाहिला, तो निसटत राहिला. समोर वळण, पलीकडे दरी. तोंडातून शब्द फुटला तो एवढाच, "देवा!"

वळणावर एक म्हातारी गवताचा भारा उतरवून बसली होती. तिने उठून तो भारा दोन्ही हातांनी माझ्या वाटेत लोटला. मी त्यात जाऊन आदळलो. गवत चहूकडे उडालं, सायकल आडवी झाली. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही.

तिने मला उठवून बसवलं, पदराची गाठ सोडली आणि खोबऱ्याचा तुकडा काढला. "घे. पहाटंच देवाला जाऊन आले मी. त्याचं हाय."

मी डावा हात पुढे केला.

"डावा नगं, लेकरा. उजवा कर."

मी बाही सरकवून हात दाखवला. तिने तो जवळ ओढून नीट पाहिला. "मंग? यावर खोबरं ऱ्हात न्हाई व्हय? आंगठा हाय की." खोबरं तळव्यावर ठेवून तिने माझा अंगठा त्यावर दाबला आणि खालून आपली ओंजळ धरली, पडू नये म्हणून.

एवढ्यात सगळे धावत आले. त्यांच्यादेखत मी तो हात तोंडाशी नेला. रडू आवरत नव्हतं. लाजेने मान वर होत नव्हती, तरी हात मात्र बाहीत परत गेला नाही. आम्ही गवत गोळा करून भारा बांधून दिला. तो डोक्यावर घेऊन ती पायवाटेने उतरूनही गेली. नाव विचारायचं राहिलं.

"ब्रेक न्हाई तर चालत जाऊ," मारुतीभाऊ म्हणाले आणि सायकलवरून उतरले. मग एकेक जण उतरला. उताराची खरी मजा सोडून सगळे माझ्यासोबत सायकली हाताने धरून घाट उतरले. मी दोनदा म्हणालो, तुम्ही पुढे व्हा. कुणी ऐकलं नाही.

ती कोण होती, तिथेच का बसली होती, याचा खल मी कधी केला नाही. मी देवाच्या दारापाशी बसून राहिलो होतो, तर त्याचा प्रसाद चालत माझ्या वाटेवर आला. मी फक्त हात पुढे करायचा होता. तोही तिनेच करवून घेतला.