मनगटातला खिळा

त्याला चितारी म्हटलेलं आवडत नसे, म्हणून मी आजही त्याला चितारीच म्हणतो. तो स्वतःला आर्टिस्ट म्हणवून घ्यायचा. मुंबईहून पूर्णेला उतरला तेव्हा त्याच्याबरोबर दोन ट्रंका, मेणकापडात गुंडाळलेली एक भलीमोठी वळकटी आणि माणसाच्या हाडांची पेटी होती. बैलगाडीवाल्यानं पेटीत डोकावून पाहिलं आणि सामान तिथंच उतरवून ठेवलं. मग दवाखान्याची ढकलगाडी घेऊन मला स्टेशनावर जावं लागलं. हा माणूस माझ्या पुढं पुढं छत्री उघडून चालत होता.

मी तेव्हा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. रेल्वेच्या चाळी संपल्या की आमचा वीस खाटांचा दवाखाना आणि त्याला लागून एक लहानसं चर्च. पाद्रीसाहेब विलायती होते, भले होते आणि कुणीही फसवावं इतके भोळे होते. वेदीच्या मागं क्रुसावरच्या येशूचं मोठं चित्र लावायचं त्यांच्या फार मनात होतं. लढाईमुळं विलायतेहून काही येईना, तेव्हा कुणीतरी त्यांना हा मुंबईचा नग सुचवला.

चितारी किरिस्ताव नव्हता, आणि हिंदू म्हणावा तर देवासमोर हात जोडलेला कुणी पाहिला नव्हता. येशूबद्दल त्याला जो काही जिव्हाळा होता तो फासळ्यांपुरता. चार वर्षं मेडिकल कॉलेजात मुडदे फाडताना पाहिले, म्हणायचा, आणि ते अशा थाटात की जणू ते मुडदे यानंच मारले होते. दंडातला कुठला स्नायू कुठं सुरू होतो, कुठं संपतो, हे तो जेवताना आपल्याच हातावर दाखवायचा, वरण लागलेल्या बोटानं. कॅलेंडरवरच्या येशूच्या छातीत जे काळीज काढतात त्याला तो पानाचा विडा म्हणायचा. खरं काळीज कसं असतं ते दाखवायला त्यानं खाटकाकडून बकऱ्याचं काळीज मागवलं, पाद्रीसाहेबांच्या चिनीमातीच्या बशीत ठेवलं आणि दोन दिवस त्याचे कप्पे काढत बसला. तिसऱ्या दिवशी वास सुटला. बशी कुणी घासायची यावरून खानसाम्यानं नोकरी सोडायची धमकी दिली.

‘तुमच्या मोगलाईत’ या दोन शब्दांशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. तुमच्या मोगलाईत उजेड धड नाही, तुमच्या मोगलाईत चेहरे धड नाहीत. आमचा मुलूख निजामाचा, माझी शाळा उर्दूतून झाली. मी ‘दरख्वास्त’ म्हणालो की तो खो खो हसून ‘अर्ज म्हणा हो, अर्ज’ म्हणायचा, जणू अर्ज पुण्यातल्या शेतात पिकतो. या सगळ्याचा मला राग यायचा, आणि तो मी गिळायचो. का गिळायचो तेही सांगून टाकतो. पहिल्याच आठवड्यात माझी हनुवटी धरून त्यानं माझं तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाला, ‘कंपाउंडर, तुमचा चेहरा मी चित्रात घेणार.’ सत्तावीस वर्षांचा घोडा मी, पण तेवढ्यावर पाघळलो. त्या दिवसापासून मी रोज दाढी करायला लागलो.

येशूसाठी त्याला कुणी सापडेना. रेल्वेचे खलाशी त्याला जाड वाटले, दवाखान्यातले रोगी मरतुकडे. मग एका सकाळी आमच्या हापशावर एक धनगर अंगातली बंडी काढून पाणी पिताना त्याला दिसला. उंच, काळासावळा, पोटात खळगा, फासळी न् फासळी मोजून घ्यावी असा. त्याची बायको महिनाभर आमच्याकडं पडून होती. बाळंतपणानंतरच्या तापानं ती जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, पण जगली. तो तिला न्यायला आला होता. जिंतूरकडच्या माळावर त्याची मेंढरं होती आणि कातरणीचे दिवस जवळ आले होते.

पाद्रीसाहेबांनी मला त्याच्याशी बोलायला सांगितलं. त्याला मी चर्चमधला लहान क्रूस दाखवला आणि म्हणालो, असं हात पसरून टांगून राहायचं, चित्र होईस्तोवर. तो बराच वेळ त्या क्रुसाकडं बघत राहिला.

‘दादा, माज्या मान्साला बरं केलं त्यो ह्योच देव का?’

मला औषधं वाटायची होती. मी म्हणालो, ‘हो, हाच.’

‘मंग ऱ्हातो,’ तो म्हणाला.

इतकंच बोलणं झालं. त्या एका ‘हो’च्या मागं त्याच्या डोक्यात काय उभं राहिलं, हे मला फार नंतर कळलं. आमच्या भागात खंडोबाच्या जत्रेत बगाड असतं. नवस बोललेल्या माणसाला उंच आडव्या लाकडाला टांगून फिरवतात. वर टांगलेल्यानं हूं की चूं करायचं नाही. दुखतंय म्हणून तो बोलला की नवस वाया जातो, आणि ज्याच्यासाठी नवस केला त्याच्यावर उलटतो. धनगरानं आमचा क्रूस बघितला आणि ते बगाडच धरलं. त्याच्या समजुतीत काहीच चुकीचं नव्हतं. माणूस लाकडाला टांगलेला, खाली लोक हात जोडून उभे, यात त्यानं दुसरं काय ओळखायचं?

चर्चमागच्या पडवीत दोन खांबांना आडवं लाकूड ठोकलं. माणूस नुसता हात पसरून उभा राहिला की स्नायू खोटं बोलतात, असं चिताऱ्याचं म्हणणं. अंगाचा भार पडला पाहिजे. म्हणून काखेखालून दोरखंड घेऊन त्याला वर बांधलं, आणि पायाखाली चार बोटं रुंदीची एक फळी दिली. सकाळी आठाला बांधायचं, दहाला सोडायचं, परत चारला बांधायचं. पाद्रीसाहेबांना हे पाहवेना, ते तिकडं फिरकेनासे झाले. भल्या माणसांची ही एक सोय असते.

चित्र भरभर होत गेलं. खोटं कशाला बोलू, हात त्याचा तयार होता. पोटाची कातडी आत ओढलेली, कुशीतल्या जखमेच्या कडेला बरगडीचं पांढरं टोक, मानेची ताणलेली शीर, सगळं असं की बोट लावावं. खिळे त्यानं तळव्यात न मारता मनगटात मारले. तळव्यातला खिळा माणसाचा भार पेलत नाही, मांस फाटून हात सुटतो, यावर त्यानं पाद्रीसाहेबांना तासभर सुनावलं. मनगटाजवळ खिळा गेला की काखेतून खाली येणारा मज्जातंतू तिथं तुटतो, हात मरतो आणि असा खाली लोंबतो, हेही त्यानं करून दाखवलं. पण लोंबता हात त्याला चित्रात जमेना. तीनदा काढला, तीनदा खरवडला. ‘जिवंत दिसतो साला,’ म्हणायचा.

दुसरा आठवडा संपताना दोर सोडायला मी गेलो होतो. धनगर हलक्या आवाजात म्हणाला, ‘दादा, उजव्या हातात लय मुंग्या यायल्यात. कातर धराया येईल नव्हं?’

दुखतंय हे त्याला तोंडातून काढायचं नव्हतं, म्हणून त्यानं फक्त कातरीचं विचारलं. एका हातानं मेंढरू दाबायचं, दुसऱ्यानं कातर चालवायची. यात ज्याचा एक हात गेला तो धनगर कळपामागं चालण्यापुरता उरतो. आणि मी काही त्या गावचाच नव्हतो अशातला भाग नाही. काखेत कुबडी रुतून हात पडलेले दोन रोगी त्याच दवाखान्यात मी पाहिले होते. मला कळायला हवं होतं, आणि खरं म्हणजे कळलं होतं. पण त्याच दुपारी चितारी माझा चेहरा काढायला घेणार होता. दोर आज बांधू नका म्हटलं असतं तर तो बिथरला असता. मी धनगराला टर्पेंटाईनचं तेल दिलं आणि म्हणालो, चोळत जा, जाईल.

चारच दिवसांनी सकाळी त्याला बांधलं आणि त्याचा उजवा पंजा मनगटापासून गळून खाली आला. बोटं अर्धवट मिटलेली, अंगठा आत. चितारी ब्रश टाकून अक्षरशः ओरडला, ‘हाच! हाच पाहिजे होता! हलू नकोस!’ धनगर कुठला हलतोय! त्याला हलवताच येत नव्हतं. ज्या तंतूवर या गृहस्थानं तासभर व्याख्यान दिलं, तो त्याच्या डोळ्यांसमोर, त्यानंच बांधलेल्या दोराखाली मरत होता, आणि हा रंग कालवत होता. बशीतलं काळीज आणि खांबावरचा माणूस यांत त्याला काही फरक दिसला असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्यानं अडीच तासांत तो हात पुरा केला. तेवढा वेळ दोर सोडला नाही. मीही सोडला नाही.

माझा चेहरा घेतला त्यानं, दिलेला शब्द पाळला. क्रुसाच्या पायथ्याशी येशूचे कपडे वाटून घ्यायला फासे टाकणारे शिपाई बसलेत, त्यांतला डावीकडचा मी. छान गुळगुळीत दाढी केलेला.

चित्र लागलं तेव्हा पार मानवत गावापर्यंतचे लोक बघायला आले. किरिस्ताव आले, मुसलमान आले, तहसीलदारसाहेब येऊन गेले. जो तो त्या उजव्या हाताबद्दल बोलायचा. चितारी आठ दिवस शाली-बिली मिरवून मुंबईला निघून गेला. आपल्या येशूचा हात खाली उतरल्यावर कुठं गेला, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

दोनेक महिन्यांनी धनगर आला, बायकोला घेऊन. हात तसाच होता. डाव्या हातानं उजवा पंजा उचलून तो पोटाशी धरायचा. कातरणीला या वर्षी भावकीतले लोक आले होते, म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख म्हणावं तर नव्हतं. बायकोला चित्र दाखवायला आणलं होतं त्यानं, आणि तोरा असा की लढाई मारून आलेल्या शिपायाचा. बायको चित्रासमोर पुष्कळ वेळ उभी राहिली. मग त्याला म्हणाली, ‘हात तर तुमचाच हाय ह्यो.’

‘दिला त्याला,’ तो म्हणाला. ‘तू वाचलीस न्हवं? मंग झालं तर. बगाडाचं बोलून दावू न्हाई.’

त्या एका वाक्यात मला सगळं उमगलं: तो इतके दिवस का ओरडला नव्हता, कातरीचं तेवढं का विचारलं होतं, आणि मी घाईत म्हटलेल्या ‘हो’ला त्यानं कुठं नेऊन ठेवलं होतं.

बायको मात्र माझ्याकडं वळली. महिनाभर खाटेवर पडून तिनं आमचा दवाखाना चांगला बघितला होता.

‘दादा, माज्या बाजूच्या खाटंवर रेल्वेतल्या सांधेवाल्याची बायकू व्हती. तिला बी ह्योच ताप व्हता, ती बी बरी झाली. तिच्या मालकाकडून काय घेतलं देवानं?’

हात पोटाशी धरून तो माझ्याकडं बघत होता. या खेपेला तरी मला खोटं बोलता यायला हवं होतं. इतकं सोपं होतं ते. पण अंगात आलेला खरेपणा कुठं आणि कधी बाहेर पडावा याला काही धरबंद नसतो. ‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘तिलाही औषधानंच बरं वाटलं.’

बायकोनं मान हलवली. तिला ते आधीच ठाऊक असावं. पण ते त्यानंही ऐकलं.