परसू म्हणजे कधी?

माझ्या सासऱ्यांच्या बोलीत काल सोडला तर मागचा प्रत्येक दिवस 'परसू' असतो. दख्खनी हिंदीतला हा शब्द गुलबर्ग्याजवळच्या आळंदकडे, आमच्या भागात सगळ्यांच्याच तोंडी आहे. मी उदगीरकडची, मला काय माहीत! लग्न होऊन आठवडाच झाला होता, तेव्हा मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, "परसू तुझा बाप आलता, लई येळ बसला." वडील परवा येऊन मला न भेटताच गेले, असं समजून मी चुलीपुढे पोटभर रडले. मामा बोलत होते लग्नाआधीच्या सोयरिकीच्या बैठकीबद्दल! आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, ही गोष्ट अख्ख्या गल्लीला हसून हसून सांगितली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, घरोघरी मोबाइल आले होते तेव्हाची गोष्ट. नवरा पुण्यात कंपनीत, घरी आम्ही तिघंच. सकाळी करंट आला, पिठाच्या गिरणीची घरघर सुरू झाली आणि आत्यांनी नेहमीप्रमाणे माझ्यावर तोंड सोडलं. "करंट आलंय की! कामून बसलीस? सगळं गाव दळून घेईल मंग..." आणि पुढचे शब्द बोबडे झाले. मला वाटलं, तोंडात पान असेल. वळून बघते तर तोंड एका बाजूला वाकडं, उजव्या हातातलं सूप खाली, ज्वारी अंगणभर.

बायका जमल्या. "अंगावरून वारं गेलंय, कबुतर आणा, गरम रक्त चोळा," एक म्हणाली. दुसरी चहा घेऊन आली. मी अंगणवाडीत काम करायची. ट्रेनिंगमध्ये डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं झालं तर तोंडात घोटभर पाणीसुद्धा घालायचं नाही आणि तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मी कपबशी हिसकावून घेतली आणि मामांदेखत सगळ्यांवर ओरडले. कबुतर वाचलं. अर्ध्या तासात आत्या जीपमध्ये होत्या आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, समुद्राकडचा, शाळेत शिकलेलं हिंदी बोलणारा. मी आत्यांबरोबर स्कॅनच्या खोलीकडे गेले, तेवढ्यात त्याने सोबत आलेल्या मामांकडे चौकशी केली. स्कॅन बघून तो म्हणाला, मेंदूत रक्तस्राव नाही, गुठळीने रक्त अडलंय. मग मान हलवली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तुम्ही तर तिसऱ्या दिवशी आणलंत.

"तिसऱ्या?"

"तुमचे सासरेच म्हणाले, परसों से."

मी मामांकडे बघितलं. ते कावरेबावरे झाले. "म्या बोललो, परसू बी हात भारी झालाय म्हन्ली व्हती."

"कधी मामा?"

"तुरीच्या राशीला. पोतं उचललं तवा."

मला हसू का रडू तेच कळेना. तुरीची रास होऊन सहा महिने उलटले होते! मी डॉक्टरला म्हटलं, "साहेब, आमच्याकडे परसू म्हणजे परवा नसतो, मागचं काहीही असतं. आज सकाळी नऊला त्या चांगल्या धडधाकट होत्या. मलाच शिव्या देत होत्या."

"घड्याळ बघितलं होतं?"

"घड्याळ कशाला? करंट येऊन गिरणी नुकतीच सुरू झाली होती."

त्याने भुवया उंचावल्या. मी त्याच्यासमोरच गिरणीवाल्याला फोन लावला आणि डॉक्टरच्या हातात दिला. गिरणीवाला करंटची वेळ रोज वहीत लिहायचा; आज तो नऊ वाजून पाच मिनिटांनी आला होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

मग धावपळ झाली. बीपी मोजलं, रक्त घेतलं, आधीची आजारपणं आणि औषधं विचारली. इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. मामांनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "द्या."

इंजेक्शन दिल्यावर नर्स सारखी येऊन बीपी बघायची, हात उचलायला सांगायची. हात हलेना. माझ्यावर उठता बसता चालणारी ती जीभ कायमची गेली तर घरात कसं राहायचं, हाच विचार माझ्या डोक्यात होता. दिवस कलताना बोटं हलली. दुसऱ्या दिवशी त्यांना नीट बसवून नर्सने चमचाभर पाणी दिलं. ठसका लागला नाही. आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकेक शब्द ओढत विचारलं, "दळन... आनलीस... का?"

शिव्या खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी तिथेच मोठ्याने रडले आणि नर्सने मला बाहेर काढलं.

आता आत्या काठी न घेता चालतात, फक्त सूप डाव्या हाताने धरतात. नवीन पाहुणा आला की सांगतात, "परसू मला वारं गेलतं." पाहुणा दचकतो, "परवा? आन् आज चालायलाव?" तेव्हा जन्मात कधी घड्याळ न बघितलेले मामा बाजेवरून उठून बसतात आणि म्हणतात, "परसू न्हाई. सकाळी नऊ वाजून पाच मिन्टं."