टॉवेलाखालचा सौदा

"हात आन इकडं," चाचा म्हणत, आणि समोरच्या माणसाला कळायच्या आत त्याचा हात टॉवेलाखाली गेलेला असे.

टॉवेल पांढरा होता, निळ्या काठाचा, धुऊन धुऊन विरत चाललेला. तो कायम त्यांच्या डाव्या खांद्यावर. हात टॉवेलाखाली गेला की चाचा डोळे मिटत आणि तळव्यावरून अंगठा फिरवत. आधी तर्जनीच्या मुळाशी, मग करंगळीखाली, शेवटी मनगटाजवळ. शेजारच्या बाकड्यांवर चहा पिणारे तेवढ्यापुरते गप्प होत. मग चाचा डोळे उघडून निकाल सांगत. निकाल दोनच होते. "चालंल" आणि "न्हाई चालायचं."

चाचा बांधकामांना कारागीर मिळवून देत. गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशी बसवणारे, रंगारी. नगरमध्ये दवाखान्याची इमारत उठत असो, कर्जतला मंगल कार्यालय किंवा भंडारदऱ्याला हॉटेल, ठेकेदाराचा पहिला फोन चाचांना जाई. त्यांचं ऑफिस म्हणजे आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीखालचं चहाचं हॉटेल, आणि त्यातलं दाराजवळचं बाकडं. मी जिल्ह्याच्या बातम्या लिहीत असे आणि बातमी नसली की चहाला उतरत असे. चहा पुष्कळ झाला.

टॉवेलाची रीत घोडेगावची. तिथल्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. चार माणसं भोवती उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. चाचांची उमेदीची वर्षं त्या बाजारात दलाली करण्यात गेली. पुढे घरोघर ट्रॅक्टर आले आणि बैल कमी झाले. त्याच सुमारास एका ठेकेदाराने त्यांना विचारलं की गावोगाव तुमची ओळख आहे, तर चांगले गवंडी बघून द्याल का. चाचांनी धंदा बदलला. पद्धत बदलण्याची गरज त्यांना वाटली नाही.

पहिल्या भेटीत माझाही हात टॉवेलाखाली गेला होता. अंगठा मधल्या बोटाच्या पेरावर थांबला.

"हितं जरा कडक हाय," ते म्हणाले. "पेनचं काय?"

"पेनचं."

"बाकी सगळं लोनी. न्हाई चालायचं."

मी काम मागितलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मागितलं असतं तर लई वाईट वाटलं असतं तुमाला."

हातावरून सगळं कळतं असं मात्र ते मानत नसत. फरशी बसवणारा आला की त्याला बाकड्यावर पाय ठेवून पँट वर करायला लावत, कारण त्याची कमाई गुडघ्यावर दिसते. एकदा सणाच्या तोंडावर पाच-सहा फरशीवाले एकदम आले. ते सगळे ओळीने गुडघे उघडे टाकून बसले होते, आणि चाचा कपात बिस्कीट बुडवत एकेका गुडघ्यावर टिचकी मारत पुढे सरकत होते. हॉटेलात नव्याने आलेलं एक जोडपं हे दृश्य बघून चहा न घेता परत गेलं.

वायरमनची परीक्षा सर्वांत निराळी.

"दात दाखव."

जुने वायरमन वायरीचं प्लास्टिक दातांनी सोलत. वर्षानुवर्षं एकाच दाताने सोलून त्या दाताला एक बारीक खाच पडते. ती खाच दिसली की चाचा खूश. वायरमनने तोंड उघडायचं, चाचांनी मान तिरकी करून आत बघायचं आणि खाचेवरून नख फिरवायचं, हॉटेलमालकाने वरचा दिवा लावायचा. बैलाचे दात बघणाऱ्या माणसाला यात अवघड काहीच वाटत नव्हतं. वायरमनला वाटे, पण खाच असेल तर तोही ऐटीत तोंड उघडी.

चाचांचा एक नियम होता, आणि पुढचं सगळं समजायला तो माहीत असला पाहिजे. टॉवेलाखाली दिलेला निकाल ते फिरवत नसत. बाजारात शब्द फिरवणाऱ्याचा टॉवेल दुसऱ्यांदा कुणी धरत नाही, असं ते सांगत. ठेकेदारही याच भरवशावर त्यांची माणसं न बघता घेत.

हा नियम किती कडक होता ते हलगीवाल्याच्या वेळी दिसलं. नेवाशाकडचा एक माणूस पत्ता विचारायला हॉटेलात आला. सवयीने चाचांनी त्याचा हात टॉवेलाखाली घेतला आणि म्हणाले, "वा, प्लास्टरवाला. चालंल." माणूस मिरवणुकीत हलगी वाजवणारा होता. त्याने तसं सांगितलंही. चाचांनी त्याचा तळवा पुन्हा एकदा दाबून बघितला.

"हात खरा हाय," ते म्हणाले. "धंदा तुझा चुकला."

त्याला त्यांनी एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली लावून दिलं आणि वर्षभर त्याची चौकशी ठेवली. तो माणूस आज उत्तम प्लास्टर करतो. भिंतीवर माल मारताना तो ठेका धरतो आणि त्याच्या शेजारचे गवंडी नकळत त्याच लयीत काम करतात, असं मी स्वतः उभं राहून ऐकलं आहे.

चाचांना एकच मुलगी. ठेकेदार मागणी मोबाईलवर पाठवू लागले तेव्हापासून त्यांचा मोबाईल तिच्याकडे असे. कुठे किती प्लंबर पोचले, कोण जेवायला गेला तो परत आला नाही, हे सगळं ती बघे. बापलेक घरात दख्खनी बोलत, परक्यांसमोर मराठी. भांडण मराठीत झालं की समजायचं, साक्षीदार पाहिजे आहे.

तिच्यासाठी कर्जतचं स्थळ आलं, तेव्हा साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं. "पेपरवाला बसलेला असला की पाव्हने थापा मारत न्हाईत," चाचा म्हणाले.

मुलगा वायरमन होता, पण नव्या तऱ्हेचा. मोठ्या इमारतींत आग लागली तर वाजणारे भोंगे, कॅमेरे, असलं काम. मुलीची आणि त्याची ओळख फोनवरूनच झाली होती. भंडारदऱ्याच्या एका हॉटेलच्या कामावर तो होता आणि तिथे लागणारी माणसं मुलगी पाठवत होती. दोघांचं ठरल्यासारखं होतं. दोन्ही घरांना ते कळलेलं होतं. फक्त रीत उरकायची होती. चाचीने शिरखुर्मा केला होता.

मुलगा आला, आईवडील आले, सलाम-दुवा झाली. चाचा उठून त्याच्याजवळ गेले. मुलाला वाटलं, हात मिळवायचा आहे. त्याने हात पुढे केला आणि तो टॉवेलाखाली गेला.

चाचीने कपाळाला हात लावला.

अंगठा फिरला. पुन्हा फिरला. चाचांनी डोळे उघडले.

"दात दाखव."

मुलाने तोंड उघडलं. दात सरळ, पांढरे, एकसारखे.

"वायर कशानं सोलतो?"

"स्ट्रिपर असतो, चाचा. त्यानं."

"मंग तू काय करतो?"

मुलाने बरंच समजावून सांगितलं. चाचांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाई चालायचं."

शिरखुर्मा सगळ्यांनी घाईघाईने संपवला. पाहुणे गेल्यावर मुलगी आतून बाहेर आली.

"अब्बा, त्याच्याशी लग्न करायचंय. त्याला साइटवर न्हाई पाठवायचं."

"मला कळतं ते."

"मंग दात कशाला बघितले?"

चाचांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. सवय झाली होती, एवढंच खरं होतं. पण निकाल तोंडातून गेला होता, तोही टॉवेलाखालचा, आणि पेपरवाल्यासमोर. पुढचे काही आठवडे ते बाकड्यावर चहा गार करत बसत. टॉवेल खांद्यावर असे, पण हात धरताना ते जरा कचरत. आज मुलीसाठी निकाल फिरवला, तर उद्या ठेकेदार विचारील की माझ्याही माणसाचा फिरवा. न फिरवावा, तर घरात मुलगी बोलत नव्हती आणि चाची मीठ विसरत होती. "सलग विसरतीय," ते म्हणाले. "चुकून तरी एकदा पडावं."

आणि एक दिवस मुलगा पुन्हा घरी आला. एकटा. मला चाचांनीच घाईने बोलावून घेतलं होतं.

"सांग, काय म्हणतो," चाचा म्हणाले.

मुलगा हसला. वरच्या पुढच्या दाताला खाच होती.

चाचा उठले. त्याची हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं आणि खाचेवरून नख फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"कानस," ते म्हणाले.

मुलाने होकारार्थी मान हलवली. लोखंड घासायची ती कानस त्याच्याच हत्यारांच्या पेटीतली होती, हे मी नंतर विचारून घेतलं.

चाचा खाली बसले. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, त्यांना काही होतंय. पण ते हसत होते. हसता हसता ते दिवाणावर आडवे झाले, टॉवेल तोंडावर घेतला आणि टॉवेलातून बोलले:

"घोडेगावात म्हाताऱ्या बैलाचे दात घासून तरना म्हनून विकायचे, पेपरवाले. तरन्याचे घासून म्हातारा करून आनलेला पैल्यांदाच बघितला."

मुलगा बिचारा तोंड मिटून उभा होता. दात अर्धवट घासल्यामुळे त्याला गार वारा लागत होता.

हसणं ओसरलं. चाचा उठून बसले आणि आतल्या दाराकडे बघू लागले. वायरमनची खाच कोणत्या दाताला पडते आणि चाचा तिथे नख फिरवतात, हे कर्जतच्या या मुलाला इतकं नेमकं माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मुलगी बाहेर आली. "मी सांगितलं त्याला."

"मला फसवाया?"

"कानस मी न्हाई सांगितली. मी म्हणलं, दातानं वायर सोलून बघ थोडे दिवस. त्याला धीर न्हाई."

"लवकर व्हायला पायजे हुतं," मुलगा म्हणाला. नव्या खाचेतून 'पायजे'तल्या 'जे'ला बारीक शिट्टी वाजल्यासारखी झाली. चाचा पुन्हा हसणार होते, पण आवरलं.

"पोरगं चांगलं हाय," ते म्हणाले. "दात मोडून घेतला, आनखी काय करायचं त्यानं. पन मी न्हाई म्हनून बसलोय. बदलू कसं?"

"न्हाई तुमी त्याला म्हणलं," मुलगी म्हणाली. "मला कुठं म्हणलं? त्याचा सौदा मोडला. माझा झालाच न्हाई." आणि तिने उजवा हात पुढे केला. "धरा."

चाचांच्या टॉवेलाखाली तोवर एकाही बाईचा हात गेला नव्हता. चाची दारात येऊन उभी राहिली. चाचांनी मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टॉवेल खांद्यावरून काढून दोघांच्या हातांवर टाकला. डोळे मिटले.

टॉवेल जराही हलत नव्हता. कसलेल्या दलालांचा हलत नाही, असं मी बाजारात ऐकलं होतं, म्हणून मी जास्तच लक्ष देऊन बघत होतो. दोघांच्याही चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. चाचीने आणलेल्या चहावर साय धरली. मुलगा एक हात गालावर ठेवून उभा होता. मला एवढं समजत होतं की इथे बोटांनी मोठा सौदा चालू आहे. चाचा काय म्हणताहेत, ती काय मागतेय, कुणी किती सोडलं, यातलं काहीही मला लिहिता येणार नव्हतं.

मग चाचांनी डोळे उघडले.

"चालंल," ते म्हणाले.

निकाह त्याच थंडीत झाला. मांडवाची वायरिंग खाच असलेल्या जुन्या वायरमननी केली, आणि फरशीवाले गुडघे झाकणाऱ्या नव्या पँटी घालून आले होते. हलगीवाल्याने प्लास्टरला सुट्टी देऊन हलगी आणली. नवऱ्या मुलाला "कबूल" म्हणायचं होतं. त्या शब्दाला शिट्टी येत नाही, याची चाचांनी त्याच्याकडून आधी खात्री करून घेतली होती. दातावर टोपी बसवून देण्याची तयारी चाचांनी दाखवली, तर मुलगा नको म्हणाला. पुढे तो कुठल्याही कामावर गेला की जुने वायरमन त्याच्या दाताकडे बघून त्याला मान देत, आणि तो बिनदिक्कत घेत असे.

मी चाचांना पुष्कळदा विचारलं, त्या दिवशी काय ठरलं. ते म्हणत, "टावेलाखालचं छापायचं नसतं, पेपरवाले."

गेल्या थंडीत चाचा गेले. आजारी नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी एका रंगाऱ्याला "चालंल" म्हटलं होतं. तो रंगारी बाकड्यापाशी येऊन दोन दिवस उभा राहिला, कारण पुढे कुठे जायचं हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता मुलीने त्याच रस्त्यावर एक गाळा घेतला आहे. कारागीर कामाचे व्हिडिओ पाठवतात, ती बघते आणि ठरवते. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर असतो. परवा मी गेलो तेव्हा तिने चहा मागवला, आणि मी जुनाच प्रश्न विचारला.

"काय ठरायचं, काका?" ती म्हणाली. "आमी काय बोललोच न्हाई. अब्बा नुसता हात धरून बसले हुते."

"इतका वेळ?"

"अंगठा फिरवला ना त्यांनी. सवयीनं." तिने स्वतःचा तळवा उलटा करून बघितला. "माझा हात माझ्या नवऱ्याच्या हाताहून मऊ निघाला. मोबाईल सोडून कवा काम सांगितलंच न्हाई त्यांनी मला. ते समजून घेत बसले."

मी चहा घेतला. तिनेही घेतला.

तेवढ्यात दारात एक वायरमन येऊन उभा राहिला, पिकल्या केसांचा, लांबच्या गावचा असावा. चाचा गेल्याचं त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. तिने व्हिडिओसाठी मोबाईल उचलला. पण त्याची नजर खुर्चीच्या पाठीवर गेली, आणि काही विचारायच्या आत त्याने तोंड उघडून मान उजेडाकडे वळवली.

तिने मोबाईल खाली ठेवला, टॉवेल उचलून डाव्या खांद्यावर टाकला आणि आत बघायला उठली.