हिरामणची दोरी

बेलवलीच्या फुटबॉल क्लबाने पन्नास वर्षांत चार नावं बदलली, सात अध्यक्ष पाहिले, जर्सीचा रंग किती वेळा फिरवला त्याची तर गणतीच नाही. मैदानावर चुन्याची रेघ मारणारा माणूस मात्र पहिल्यापासून एकच, हिरामण. वय सहासष्ट. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढल्यामुळे त्याच्या टाचांच्या भेगांत पिवळा रंग बसला होता, तो कारखाना सुटल्यावरही निघाला नाही. पहिली पाळी संपली की तो थेट मैदानावर यायचा, खुंट्या ठोकायचा, सुतळी ताणायचा आणि डब्यातून चुना सोडत अनवाणी चालायचा. दोरी जराशी सैल दिसली की त्याचं डोकं फिरायचं. मग ती कोणाचीही असो, गणपतीच्या मांडवाची असो की लग्नाच्या तंबूची, हा जाऊन ताणून देणार.

"आपल्या घराची भिंत वाकडी हाय, ती नाय दिसत," असं बकुळा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची.

असल्या माणसाला इतिहास विचारायला कुणी येऊ नये. पन्नास वर्षं ज्याला कुणी काही विचारलेलं नसतं, तो विचारल्यावर थांबत नाही. पण क्लबाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष लागलं, स्मरणिका काढायचं ठरलं, आणि जानेवारीतल्या एका रविवारी जिज्ञासा हिरामणच्या ओट्यावर येऊन बसली.

जिज्ञासा म्हणजे कमलेशची मुलगी, कॉलेजात शिकणारी, गोड आणि सरळ. कमलेश हा क्लबाचा कार्याध्यक्ष. जमिनीच्या व्यवहारात त्याने पुष्कळ कमावलं होतं आणि स्मरणिकेचा सगळा खर्च त्याने स्वतःहून उचलला होता. आणि हा कमलेश बुधाजीचा नातू. बुधाजी कोण, हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

चौऱ्याहत्तर साली अंबरनाथच्या एका कारखान्यात मोठं यंत्र बसवायला तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातून यान नावाचा एक गोरा साहेब आला होता. संध्याकाळी त्याला करमेना. त्याने कामगारांची आणि गावातल्या पोरांची टोळी जमवली, बॅगेतून कातडी बॉल काढला आणि बुधाजीच्या माळावर खेळ सुरू केला. हिरामण तेव्हा सोळा वर्षांचा, उजव्या बाजूने पळणारा. बुधाजी आगरी शेतकरी, शेताच्या बांधावर बसून बघायचा. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गंमत वाटली, आणि एके दिवशी त्याने माळच क्लबाला देऊन टाकला. मात्र म्हातारा दिसतो तितका भोळा नव्हता. उद्या ही मंडळी माळावर चाळी बांधतील अशी त्याला धास्ती. म्हणून स्टॅम्प पेपरवर त्याने एक ओळ घालून घेतली. दरवर्षी चैत्रात गावदेवीच्या जत्रेआधीच्या रविवारी या जागेवर पुरा सामना झाला पाहिजे. ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षापासून जमीन परत बुधाजीच्या घरची.

कागदाच्या दोन प्रती. क्लबाची प्रत वाळवीने खाल्ली. बुधाजीची प्रत दोन हजार पाचच्या पुरात पेटीसकट वाहून गेली, असं त्याची बायको काशी रडत रडत सगळ्यांना सांगत होती. पुढे बुधाजी गेला, काशीही गेली. जुनी माणसं एकेक करून वर गेली आणि ती ओळ फक्त हिरामणच्या डोक्यात राहिली. दरवर्षी चैत्र आला की तो घरोघर विचारत फिरायचा. खेळाडू मिळतील ना, पंच येईल ना. एका वर्षी एका बाजूला आठच जण भरले तेव्हा त्याने देवीच्या भगताला आणि दोन रिक्षावाल्यांना बूट चढवून उभं केलं होतं.

जिज्ञासाने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हिरामण सुटला. पहिलं नाव बेलवली फुटबॉल मंडळ. मग रंगाच्या कारखान्याने पैसे घातले, तेव्हा कारखान्याचं नाव. मग ती दोन सोन्याची वर्षं, बेलवली स्पोर्टिंग, जेव्हा क्लब व्यावसायिक झाला. पगारी खेळाडू, कोलकात्याचे दोन बंगाली, मडगावचा एक गोलकीपर. हे सगळे हिरामणच्याच माळ्यावर झोपायचे आणि बकुळाच्या हातचं सुकट खायचे. कारखाना बंद पडला, बंगाली परत गेले. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या सिंधी शेठने शिवलेल्या चाळीस जर्सी तशाच पडून राहिल्या, त्या पुढे गावात पाच वर्षं लादी पुसायला पुरल्या. आणि आताचं चौथं नाव कमलेशच्या आद्याक्षरांचं. लोकांना इतिहास हवा असतो तो स्वतःच्या नावासकट.

"यान साहेबाची काही आठवण आहे का?" जिज्ञासाने विचारलं.

हिरामणने आतून एक त्रिकोणी लाल-पांढरी पताका आणली. साहेबाच्या गावातल्या क्लबाची. जाताना साहेबाने ती दिली होती आणि मोडक्या हिंदीत म्हणाला होता, "हमारा क्लब पाँच बार नाम बदला, हिरा. मैदान वही. मैदान है तो क्लब है."

पोरगी हुशार. पताकेवरची अक्षरं बघून तिने तिथल्या तिथे फोनवर शोधलं. "काका, हे बघा. छोटंसंच गाव आहे. क्लब मोठा झाला होता, वरच्या लीगमध्ये पण गेला. मग शेजारच्या गावाच्या क्लबात मिसळला." तिने फोटो मोठा केला. "मैदान नाहीये आता. तिथे मॉल आहे."

फोटोत एक लांबलचक राखाडी इमारत होती आणि पुढे गाड्या लावलेल्या. हिरामणने फोन हातात घेऊन फोटो जवळून बघितला. त्याला उगीचच भीती वाटली. भीती वाटली की माणूस मोठ्याने बोलतो, तसा तो बोलला, "आपलं नाय जायचं. आपला चैत्राचा सामना एकदा पण चुकला नाय."

जिज्ञासाने मांडीवरचा कागद बघितला. प्रश्न छापलेले होते. फक्त शेवटचा खाली निळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात लिहिला होता. तिने तो वाचला. "कोरोनाच्या वर्षी पण झाला का?"

आत भांडी घासणारी बकुळा थांबली. नळ तेवढा वाहत राहिला.

क्लबाच्या वहीत त्या वर्षीचा सामना लिहिलेला होता. बावीस नावं, निकाल एक-शून्य, सगळं हिरामणच्या अक्षरात. खरं काय ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. हिरामणने तोंड उघडलं ते "झाला" म्हणायलाच. पण समोर पोरगी डोळे मोठे करून बसलेली, आणि आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट चार वर्षं पोटात सडत पडलेली. शिवाय तो मॉल डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"मंडळाने मान टाकली होती," तो म्हणाला. "रस्त्यावर पोलीस. मी पहाटे उठलो, रेघा मारल्या. सगळ्या, कॉर्नरसकट. बकुळाला गोलात उभी केली. पदर खोचून उभी राहिली ती, नव्वद मिनिटं. मी एकटा बॉल मारत होतो. शेवटी एक गेला. वहीत नावं लिवली ती माझ्या मनची. पण रविवार सुना नाय जाऊ दिला."

जिज्ञासाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, तिला पुढचं काही माहीत नव्हतं. "काका, हेच शेवटचं पान. तुमच्या नावाने, तुमच्या सहीने."

ती गेल्यावर बकुळा हात पुसत बाहेर आली. "तो शेवटचा सवाल पोरीचा नव्हता."

"मग कोणाचा?"

"ते तुमी इचारायला पायजे होतं."

हिरामणने तिला वेड्यात काढलं. कागद राहिलाच नाही तर कोणाच्या बापाला कळतंय? पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि फेब्रुवारीत सहीसाठी पान आलं तेव्हा त्याचा हात जरा थबकला. कमलेश स्वतः पेन घेऊन आला होता. "काका, ये पान तो अपनी जान है," म्हणाला. "लोक रडतील वाचून." हिरामणने सही केली. नाव छापून येणार म्हटल्यावर थबकलेला हातही पुढे जातो.

पाडव्याला मैदानावरच प्रकाशन झालं. मांडव, ढोल, आमदारांचा निरोप. निवेदकाने शेवटचं पान वाचून दाखवलं तेव्हा खरंच लोकांनी डोळे पुसले. बकुळाला उभं करून टाळ्या वाजवल्या. ती उभी राहिली, पण हसली नाही. कमलेशने सगळ्यांदेखत हिरामणच्या पायांना हात लावला आणि स्मरणिकेची पहिली प्रत त्याच्या हातात दिली.

गुळगुळीत कागद, नव्या शाईचा वास. हिरामणने पहिलं पान उघडलं.

पहिल्या पानावर बुधाजीचा स्टॅम्प पेपर छापला होता. पुरात वाहून गेलेला. एक डाग नाही, एक घडी नाही. खाली अंगठा, साक्षीदारांच्या सह्या, आणि मधली ती ओळ, वाचायला सोपी जावी म्हणून ठळक केलेली. पहिल्या पानावर अट, शेवटच्या पानावर त्याची सही. मधली सेहेचाळीस पानं नुसती शुभेच्छांची.

त्याने वर बघितलं. कमलेश कोणाशी तरी हसत बोलत होता. बकुळाने नवऱ्याच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं आणि पिशवीत टाकलं. त्या क्षणी हिरामणला आपल्या जिभेची जी घृणा वाटली, तशी कधी कशाचीच वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात वही आणायला गेला. कुलूप नवं होतं. तीन माजी अध्यक्षांकडे गेला. एक म्हणाला बघू. एक म्हणाला, काका, तुम्हीच लिहून दिलंत ना? तिसऱ्याच्या दाराशी कमलेशची गाडी उभी होती, म्हणून हिरामण आत गेलाच नाही.

सामन्याच्या आदल्या शनिवारी तो नेहमीसारखा सकाळी चुन्याचा डबा घेऊन निघाला. बकुळा मागोमाग. रेघा मारून टाकू, पोरं जमतील, या वर्षीचा खेळ तरी होईल, असं तो वाटभर बडबडत होता. 

मैदानावर चार माणसं होती. एकाच्या हातात नकाशा, दोघं खुंट्या ठोकत होते. पूर्वेच्या कुंपणापासून सरळ गोलाच्या तोंडातून पलीकडे सुतळी गेली होती. चौथा होता कमलेश, झाडाखाली खुर्ची टाकून.

"या काका," तो म्हणाला. "मोजणी आहे जरा. तुमचंच काम चाललंय समजा."

हिरामणच्या डोक्यात दहा गोष्टी आल्या. ओरडावं, डबा फेकावा, खुंट्या उपटाव्यात. तो तरातरा पुढे निघाला तो उपटायलाच. बकुळाने ते बघितलं आणि तिला बरं वाटलं. तो खुंटीपाशी वाकला. सुतळी मधे लोंबत होती, वीतभर तरी. मोजणीवाली पोरं नवखी असावीत.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिरामणने गाठ सोडली, दोरी मुठीत गुंडाळली, पिवळी टाच खुंटीला लावली आणि ताणून पुन्हा बांधली. सुतळी ताठ झाली. नकाशावाल्याने एक डोळा मिटून रेषेत बघितलं आणि अंगठा दाखवला.

"आता बरोबर," तो म्हणाला. "मार चुना."

हिरामण तसाच वाकलेला राहिला. हात गाठीवर होता. दूर गोलाच्या खांबापाशी बकुळा उभी होती, आणि ती पदर खोचत नव्हती.