आवाज न करता उतरणं

मैदानावर दहा-बारा मुली जागच्या जागी उड्या मारत होत्या. फुटबॉल अजून जाळीतच होते. "आवाज नको गं! गुडघे आत वळू देऊ नका," कोच सुनीताताई ओरडत होत्या. धप्पकन उतरलेल्या मुलीला त्या पुन्हा उडी मारायला लावत.

माझी मुलगी मुक्ता याच टीममध्ये होती. या उड्या संपल्यावरच मी तिला आणून सोडायचो. "खेळ बॉलचा, उड्या कशाला?" म्हणत तिला अर्धा तास जास्त झोपू द्यायचो. माझी माया ती अशी. एका सामन्यात उंच उडून डोक्यानं हेडर मारून ती खाली आली आणि गुडघा आत मुरगळला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. उड्यांनी ते टळलंच असतं, असं ताईसुद्धा म्हणत नाहीत.

पोरींनो, उंच उडा, असं आपण सगळेच म्हणतो. पण जमिनीवर परत कसं यायचं, ते शिकवायला कुणीतरी भल्या सकाळी मैदानावर यावं लागतं.

आता मुक्ता गुडघ्याला पट्टा बांधून ताईंच्या मदतीला येते. आज एक गृहस्थ मुलीला घेऊन उशिरा आले आणि हसत म्हणाले, "उड्या झाल्या वाटतं? बरं झालं."

"काका, उद्या हिला लवकर आणा," मुक्ता म्हणाली.

मी शेजारीच उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.