मामाचं नाव रजिस्टरात नव्हतं

सकाळी बातमी आणि दुपारच्या जेवणाआधी आरोपी ठाण्यात हजर, असं काम आमच्या अख्ख्या ठाण्यात फक्त मी करून दाखवलंय. आता आरोपी पळालाच नव्हता, उलट त्यानंच मला आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून ठाण्यात आणलं, ते सोडा. पण ते प्रकरण अजून माझा पिच्छा सोडत नाही.

मी सातवी पास, तीही तिसऱ्या खेपेला. शिपाई म्हणून चिकटलो आणि घासत घासत सहायक फौजदार झालो. खांद्यावर तारा आला तरी लोक मला हवालदारच म्हणायचे. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. तेव्हा मी बदलापूरकडच्या गावांचं काम बघत होतो. नावं कोणाचीच घेणार नाही.

एका सकाळी आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडून आलेलं, सगळं इंग्रजी. मी गंभीर चेहरा करून कागद धरला. रायटर, म्हणजे आमचा लिखापढीवाला हवालदार, त्यानं तो माझ्या हातातून घेऊन सुलटा केला.

"माणसांच्या डॉक्टरांची असते ना, तशी आता ढोरांच्या डॉक्टरांचीपण परिषद झालीय," तो म्हणाला. "डिग्री दाखवायची, मग रजिस्टरात नाव चढतं, नंबर मिळतो. पाच वर्षांनी नवा करून घ्यायचा. डॉक्टरनं भानगड केली तर परिषद त्याला बोलावते, चौकशी करते, नाव काढून टाकते."

"आणि ज्याचं नाव चढलेलंच नाही?"

"त्याचं काय काढणार? म्हणून तर आपल्याकडे पाठवलंय."

तक्रार अशी होती, की आमच्या हद्दीत एक माणूस नंबर नसताना जनावरांवर इलाज करतो. सोबत नंबरवाल्या डॉक्टरांची यादी होती. रायटर पुढे वाचायला लागला. मी म्हटलं, "बाबा, शिक्षा काय ते सांग, बाकीचं राहू दे." त्यानं शिक्षा सांगितली आणि कागद फायलीला लावला. ही माझी पहिली चूक. मोजत बसू नका, पुढे भरपूर आहेत.

त्या माणसाला पंचक्रोशीत सगळे मामा म्हणायचे. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जन्मभर ड्रेसर होता. डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करायची, जनावर धरायचं, हे त्याचं काम. रिटायर झाला, पण लोक बोलवायचे थांबले नाहीत. अडलेली म्हैस सोडवावी तर मामानं, असं बोललं जायचं.

मी सापळा लावला. साधे कपडे घातले, एका शिपायाच्या घरून शेळी मागून आणली आणि मामाच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "शेळी चारा खात नाही हो."

मामानं शेळीच्या कानाला हात लावला, पोट दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. "शेळी ठणठणीत आहे. पण ती तुमची नाही. तुम्हाला घाबरतेय."

"असं कसं? माझीच आहे."

"मग गळ्यातलं दावं सोडून दाखवा. ही गाठ गावात कोणी मारत नाही, साहेब. आरोपीला दोरी लावून कोर्टात नेतात, त्याची आहे ही गाठ."

मी गाठ सोडायला गेलो तर ती सुटेना. मामानंच सोडली. मग म्हणाला, "चला, कुठं यायचं? शेळीला आधी घरी सोडू, ऊन चढतंय."

ठाण्यात मी चौकशीला बसलो. टेबलावर हात आपटायची तयारी केली होती, पण आपटायला वावच मिळेना.

"डिग्री?"

"नाही."

"परिषदेचा नंबर?"

"नाही."

"आजपर्यंत किती जनावरांना हात लावला?"

"जगलेली सांगू की मेलेली?" मामा म्हणाला. "मेलेली सांगतो. तेवढी लक्षात आहेत." आणि त्यानं गावं, मालक, जनावराचा रंग, सगळं सांगितलं. अकरा होती. रायटरचा हात दुखला. प्रत्येकाच्या पुढे तो म्हणायचा, "ही माझी चूक. लिहा."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अख्ख्या नोकरीतली पहिली. स्टेशन डायरीत अटक पडली, मामा लॉकअपमध्ये गेला. त्याच्या पिशवीतली सुती दोरी, साबण, तेलाची बाटली, सुया, सगळा मुद्देमाल मी लाखेचं सील मारून कपाटात ठेवला.

दुपारी एक वाजता सोनिवलीची एक बाई धावत आली. तिला आपण काकी म्हणू. घरी दोन मुली, नवरा नाही, आणि एक म्हैस. त्या म्हशीच्या दुधावर चूल चालायची.

"हवालदार, मामाला दोन तास सोडा. म्हस सकाळपासून अडलीय. रेडकू अडकलंय आत."

"काकी, अटक झालीय. उद्या कोर्टात उभं करायचंय. आता देवाच्यापण हातात नाही."

"देवाच्या नको, तुमच्या हातात हाय ना?" ती माझ्या पायाशी वाकली.

मी तिला उठवलं आणि मोठ्या रुबाबात यादी काढली. "आता नंबरवाला डॉक्टर येणार. तुम्ही घरी जा, मी धाडतो." यादीतला जवळचा सरकारी डॉक्टर लसीकरणाच्या कॅम्पला बाहेर गेलेला. दुसरा उल्हासनगर कॅम्प तीनमधला, बाजारात दवाखाना. व्यापाऱ्यांची पामेरियन कुत्री बघायचा. फोनवर तो खरं बोलला. "साहेब, कॉलेज सुटल्यापासून मी म्हशीला हात लावलेला नाही. पण येतो." आणि आला बिचारा, स्कूटरवर, चार वाजता. मी त्याला घेऊन सोनिवलीला गेलो, वाटेत मामाला कसं पकडलं तेही ऐकवलं.

म्हैस आडवी झाली होती. मुली तिच्या तोंडापाशी बसून पाणी लावत होत्या. डॉक्टरनं शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात आत घातला. अर्धा तास झाला, मग तासभर झाला. घामानं निथळत तो बाहेर येऊन मला म्हणाला, "रेडकाची मान मागे वळलीय. माझा हात पोचतो, पण वळवायची सवय नाही. तुमच्याकडे तो माणूस आहे ना? त्याला आणा. मी इथं उभा राहतो, तो माझ्यासमोर करेल. नंबर माझा, जबाबदारी माझी."

"आणि त्याची दोरी आणा," तो मागून ओरडला.

दोरी सीलमध्ये होती. सरपंचाच्या घरी फोन होता. मी तिथपर्यंत गेलो, रिसिव्हर उचलला. साहेबांना एवढंच सांगायचं होतं, की आरोपीला बंदोबस्तात इकडे पाठवा. पण सकाळीच पाठीवर थाप पडली होती. आता साहेब म्हणतील, काय रे, सकाळी गुन्हेगार आणि संध्याकाळी डॉक्टर? मी रिसिव्हर ठेवला. परत येऊन म्हटलं, "कायद्यात बसत नाही."

डॉक्टरनं पुन्हा हात घातला. सहाच्या सुमाराला म्हशीनं मान टाकली. मुली तरी पाणी लावतच होत्या. डॉक्टर उघड्या अंगानंच स्कूटरवर बसून निघाला, शर्ट गोठ्याच्या खुंटीवर राहिला.

ठाण्यावर आलो तर मामा लॉकअपच्या गजाशी उभा. त्यानं एवढंच विचारलं, "कसं होतं?"

"मान मागे वळलेली."

मामानं गजाबाहेर हात काढला आणि हवेतच मनगट हळू फिरवलं, बोटं आकड्यासारखी वाकवून ओढली. "असं करायचं होतं," म्हणाला. "आधी मागं ढकलून मग." आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मग मी रायटरला म्हटलं, तो कागद पुढे वाच. त्यात ओळ होती, की काही कामं नंबरवाल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली दुसरा माणूस करू शकतो. हे काम त्यात बसलं असतं की नाही, रायटरलाही सांगता येईना. म्हणाला, "तेव्हाच साहेबांना विचारायचं होतं."

मामा जामिनावर सुटला. पुढे गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळा झाला. त्यानंतर त्यानं कोणाच्याच जनावराला हात लावला नाही. लोक दारात येऊन रडले तरी नाही. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये मुलीकडे राहायला गेला. एकदा मला दिसला, जीन्सच्या कारखान्यात खाली बसून पँटींचे धागे कापत होता. मी हाक मारली नाही.

परिषदेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तबेल्यांत काय काय सुया टोचणारे भामटे मी बघितलेत. रजिस्टर पाहिजे, नंबर पाहिजे, चुकला तर नाव काढणारं कोणीतरी पाहिजे. ज्याला नंबर होता तो त्या दिवशी आला. ज्याला काम येत होतं तो यायला तयार होता. दोघांच्या मध्ये मी उभा होतो. पुढे मी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचून घेऊ लागलो. त्यानं म्हैस उठली नाही.

एक गोष्ट मागे ठेवली होती, लाज वाटते म्हणून. केस पक्की करायला मला फसवणुकीचं कलमपण लावायचं होतं. त्याला फसलेला माणूस लागतो. तीन गावं हिंडलो. विचारायचो, "त्यानं तुम्हाला आपण डॉक्टर आहे असं सांगितलं?" लोक म्हणायचे, "डॉक्टर? छ्या, मामा हाय तो." शेवटी म्हैस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी निर्लज्जासारखा वही घेऊन काकीच्या दारात गेलो. ती रिकाम्या गोठ्यातला पेंढा बाहेर काढत होती.

वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "काकी, सावकाश सांगा हां, माझं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत पडल्यासारखं."

ती पेंढा ओढतच राहिली.

"तुमची फसवणूक झाली का?"

"झाली."

मी खूश होऊन पेनाचं टोपण काढलं. "कोणी केली?"

तिनं पेंढा खाली ठेवला. "मी पाया पडले, तर बोललात, घरी जा, नंबरवाला धाडतो. तुमचंच नाव लिवा. तेवढं तरी लिवता येतं ना?"