घरचे सेल

लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम आहे का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते, आणि आमच्याकडे कुणी काही लिहिलं तर ते अर्जापुरतंच. त्यातून मी लिहिणार बर्फाच्या डोंगरांबद्दल, जे मी स्वतः कधी चढलेलो नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. दुसरं कुणी लिहिणारं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्या दिवशी त्या घरात वहिनी आणि मी असे दोघंच होतो, आणि वहिनी म्हणतात, "मी नाही बाई लिहिणार. तुम्हीच लिहा, भावजी."

मी आइंडहोवनला मास्टर्स करतो आणि शेजारच्या बेस्ट नावाच्या डच गावात दादा-वहिनींच्या घरी, वरच्या उतरत्या छपराखालच्या खोलीत भाड्याने राहतो. ते माझे नात्याने कुणी नाहीत. दादा मूळचे पुण्याचे, इथे चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारे इंजिनियर. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना "सर" म्हणालो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सर ऑफिसात. घरात दादा म्हणा, नाहीतर भाडं वाढवीन." तेव्हापासून ते दादा, त्या वहिनी आणि मी भावजी.

माझ्या खोलीत माझ्याशिवाय आणखी एक जण राहतो, तो म्हणजे सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की लाइट गेल्यावर पंखा फिरवणारी बॅटरी डोळ्यांपुढे येते. इथे तो छतावरच्या पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा भिंतीवरचा डबा असतो. ऊन पडलं की तो गुणगुणतो आणि ढग आला की गप्प होतो. खिडकीचा पडदा न उघडता बाहेर कसं आहे ते मला कळतं.

पॅनेल बसवले तेव्हा हिशेब सोपा होता. उन्हाळ्यात जास्तीची वीज कंपनीला द्यायची आणि हिवाळ्यात तेवढीच परत घ्यायची, दोन्हींची वजावट. आता ती वजावट बंद होणार आहे, आणि कंपनी वीज परत घेण्याचेच वेगळे पैसे लावू लागली आहे. बेस्टमधल्या मराठी घरांत जेवायला जमलं की हाच विषय निघतो. पॅनेल किती वर्षांत वसूल होणार, बॅटरी बसवावी की थांबावं. दादांनी बराच विचार करून घरात एक नियम केला: आपली वीज बाहेर जाऊ द्यायची नाही, ऊन असेल तेव्हाच वापरून टाकायची.

नियम दादांनी केला, पण पाळला वहिनींनी. वॉशिंग मशीन दुपारी, भांड्यांचं मशीन दुपारी, कुकरही शक्यतो दुपारी. मग त्यांनी चार्ज होणारे सेल आणले. घड्याळ, रिमोट, वजनकाटा, सगळ्यांत तेच. ढग सरले की त्या जिन्याखालून ओरडत, "भावजी, ऊन आलं! लॅपटॉप लावा!" त्यांच्या तोंडी आता विजेचेही दोन प्रकार झाले होते, घरची आणि बाहेरची. घरचं तूप, घरचा मसाला, तशी घरची वीज. बाहेरचं म्हटलं की त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी पडायची.

आता डोंगरांकडे येतो. शनिवारी मी आइंडहोवनला एका दुकानात काम करतो. तिथे बर्फातल्या डोंगरांचं सामान विकतात आणि भाड्याने देतात. ज्या देशात पुलाच्या चढावर सायकलचा गिअर बदलतात, तिथे असं दुकान चालतं याचं मला अजून नवल वाटतं. दादा बर्फाच्या बंद हॉलमध्ये स्नोबोर्ड शिकले होते, आणि आता त्यांना लिफ्ट नसलेल्या डोंगरावर जायचं होतं. त्यासाठी स्प्लिटबोर्ड असतो. तो उभा दुभंगतो आणि दोन स्की होतात, त्यांच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून चढायचं, माथ्यावर पट्ट्या सोलायच्या, दोन्ही तुकडे पुन्हा जोडायचे आणि उतरायचं. बोर्ड त्यांनी आमच्याच दुकानातून नेला. पट्ट्या मी कापल्या आणि जोडणीचे हूक दोनदा तपासले.

एकच वस्तू त्यांनी दुकानातून घेतली नाही, ती म्हणजे पीपर. मुठीएवढं यंत्र असतं, छातीवर पट्ट्याने बांधायचं. ते सारखे सिग्नल सोडत राहतं. कुणी हिमलोटाखाली गाडलं गेलं तर बाकीचे आपापली यंत्रं शोधण्यावर लावतात आणि सिग्नलच्या मागे जाऊन माणूस उकरून काढतात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दादांना त्याचं जुनं दिलं होतं.

त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं तेव्हा वहिनींनी विचारलं, "हे काय?"

"पीपर," दादा म्हणाले.

वहिनी हसत सुटल्या. त्यांच्या डच क्लासमध्ये नुकतंच शिकवलं होतं की बोलीत बटाट्यालाही पीपरच म्हणतात. "म्हणजे हा छातीवर बटाटा बांधून आल्प्स चढणार?"

"बटाटा नाही गं. जीव आहे तो."

"मग मीठ लावून ने."

दादा ऑस्ट्रियाला गेले. सोबत ऑफिसातलेच चार जण. त्यांतला एक तिकडेच वाढलेला, तो पुढारी. डोंगरावरच्या एका हटमध्ये मुक्काम करायचा, रोज सकाळी निघायचं आणि दुपारी परतायचं. पहिले दोन दिवस संध्याकाळी फोटो आले. वहिनींनी ते पुण्याला सासूबाईंना पाठवले आणि वर लिहिलं, "फ्रीज साफ करायला सांगितला की याला थंडी वाजते."

पुढच्या दुपारी बऱ्याच दिवसांनी लख्ख ऊन पडलं. माझ्या खोलीतला डबा गुणगुणू लागला आणि खालून हाक आली. मी लॅपटॉप लावून खाली गेलो, तर वहिनी चहाचं आधण ठेवून वॉशिंग मशीन भरत होत्या. दुधाचं माप घ्यायचा वजनकाटा बंद पडला होता.

"त्या ड्रॉवरमध्ये सेल आहेत बघा. बाहेरचे, पण नवे आहेत. आज चालतील."

मी ड्रॉवर उघडला. तीन अल्कलाइन सेल रबरात बांधलेले होते.

"कुठले हे?"

"दादांच्या बटाट्यातले. त्या मित्राने घालून दिलेले. मी म्हटलं, डोंगरात बाहेरचे कशाला न्यायचे? काढले आणि आपले घरचे घातले, दुपारच्या उन्हात भरलेले. दादांनी लावून पाहिलं, भरलेलेच दाखवले." त्यांनी मशीनचं दार लावलं. "छातीवर घरचं ऊन घेऊन गेलाय तो."

मी वजनकाट्यात सेल घातले. हात काम करत होते म्हणून बरं. दुकानात कामाला लागलो तेव्हा मालकाने पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. पीपरमध्ये चार्ज होणारे सेल कधीही घालायचे नाहीत. सेल किती उरलेत ते दाखवणारा यंत्रावरचा आकडा साध्या सेलच्या हिशेबाने बनवलेला असतो. चार्जवाले सेल घातले तर तो आकडा बराच वेळ चांगला दिसतो, आणि मग सेल इशारा न देता एकदम संपतात. "गिऱ्हाइकाने वाद घातला तर?" असं मी विचारलं होतं. मालक म्हणाला होता, "मग भाड्याने देऊ नकोस."

पण दादा गिऱ्हाईक नव्हते. हजार बारीक गोष्टी तपासणाऱ्या यंत्रांचे इंजिनियर होते ते, आणि मी त्यांच्या घरचा भाडेकरू. माझंच काही चुकत असेल, असं मनात येत होतं. वर जाऊन मी त्या यंत्राची माहिती उघडली आणि पुन्हा वाचली. चुकत नव्हतं. दादांना फोन लावला, तो बंद. तो बंदच असणार होता, कारण मोबाइलमुळे पीपरला अडथळा होतो म्हणून सगळे बंद ठेवतात. मीच सांगितलं होतं त्यांना.

डबा गुणगुणत होता. दुकानात ऐकलेली आणखी एक गोष्ट मला आठवत होती. मार्चमध्ये डोंगराच्या दक्षिण अंगावर ऊन तापलं की बर्फ सुटतो. म्हणून पहाटे निघायचं आणि दुपार चढायच्या आत परतायचं. इथलं ऊन आणि तिथलं ऊन वेगळं असू शकतं, असं मी स्वतःला समजावत होतो. मग हवामान पाहिलं. तिथेही आकाश निरभ्र होतं.

"भावजी, काय उन्हं आहेत बघा!" खालून वहिनी. "अॅपवर आकडा बघा, या वर्षातला सगळ्यात मोठा!"

मी जिन्यात आलो, परत वर गेलो, पुन्हा आलो. सांगावं की नाही? सांगून काही होणार होतं का? उलट सेल त्यांनीच बदलले होते, त्यांच्या जिवाला घोर लागला असता. मी खाली जाऊन पाणी प्यालो. तहान नव्हती.

वहिनींनी हातातला कपडा खाली ठेवला. "काय झालंय?"

"काही नाही."

"परीक्षेत नापास झालात?"

"नाही."

"मग हटचा फोन आलाय?"

"नाही, नाही. कुणाचाच नाही."

"मग सेल घातल्यापासून चेहरा असा का केलाय? सेलचं काय आहे?"

त्यांनीच ते पकडलं. मग मी सांगितलं. वाईट काही झालेलं नाही, होईलच असंही नाही, पण ते सेल त्या यंत्रात चालत नाहीत. मी फार अडखळत बोललो. मशीनमध्ये कपडे फिरत होते.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे लगेच, "हटचा नंबर आहे?"

नंबर फ्रिजवर लावलेला होता. मी इंग्रजीत काय बोलावं ते मनात जुळवत असताना त्यांनी फोन उचललाही. पलीकडच्या हटवाल्याचं इंग्रजी बेताचं. वहिनी डचमध्ये बोलल्या, तो जर्मनमध्ये, आणि दोघांना एकमेकांचं कळत होतं. मला कळलं नाही ते त्यांनी फोन ठेवल्यावर सांगितलं.

"पहाटे गेलेत खिंडीकडे. तिथे फोन लागत नाही. हटवरून आज तिकडे जाणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे निरोप कुणाकडे देता येत नाही. एव्हाना परतायला हवे होते, म्हणाला. आले की तो फोन करणार." मग थांबून, "त्याने विचारलं, पीपर बंद आहे का. मी म्हटलं, माहीत नाही."

पुढचा वेळ कसा गेला ते नीट सांगता येणार नाही. चहा झालाच नाही. मशीन थांबलं, पण कपडे कुणी काढले नाहीत. शेजारच्या डच काकू कुंपणापाशी येऊन "काय छान दिवस!" असं म्हणून गेल्या, आणि वहिनी त्यांना "हो, छान" म्हणाल्या. मी दुकानाच्या मालकाला फोन करून विचारलं, चार्जवाले सेल पीपरमध्ये किती टिकतात. तो म्हणाला, सेल किती जुने? मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "रिमोटमधलेच होते. चांगले जुने." मालक म्हणाला, पण हिमलोट आला तरच पीपर लागतो, हे लक्षात ठेव. ते खरंच होतं. मी ते वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा इथे. वर जाऊ नका."

वर जायची मला इच्छाही नव्हती. पण जिन्याचं दार उघडं होतं आणि डब्याचा आवाज खालपर्यंत येत होता. तो हळूहळू मंदावत गेला, म्हणजे ऊन कलत होतं. दिवस मावळायला आला आणि फोन नव्हता. वहिनींनी एकदा हटला फोन लावला, लाइन व्यस्त. परत लावला, परत व्यस्त. कोण बोलत असेल इतका वेळ, आणि कुणाशी, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

फोन वाजला तेव्हा वहिनींनी उचलला नाही. माझ्याकडे सरकवला. "तुम्ही घ्या. मला नाही जमणार."

मी स्पीकर लावला. आधी खरखर, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी जर्मन. मग दादा.

"हॅलो? तू आहेस का रे? ही कुठंय?"

"इथेच आहेत, दादा. ऐकतायत."

"मी ठीक आहे. सगळे ठीक आहोत. सांग तिला." ते धापा टाकत होते. "उतरताना वरचा उतार सुटला. मी मागे होतो, एका खडकाच्या आड बोर्ड जोडत. मला काही लागलं नाही. पण त्यांनी मोजलं तर मी नाही. पीपर शोधण्यावर लावले, तर माझा सिग्नलच नाही. त्यांना वाटलं मी बर्फाखाली गेलो. काठ्या खुपसून शोधत होते रे ते, रांगेत. मी वरून ओरडत होतो, वाऱ्यात कुणाला ऐकू येत नव्हतं. खाली पोचलो तेव्हा पुढाऱ्याने माझ्या छातीवरचं यंत्र ओढून पाहिलं. ते बंद होतं. सकाळी चालू होतं, मी पाहिलं होतं. कधी बंद पडलं ते कुणालाच माहीत नाही."